वाट देण्याचा धर्म

वृद्ध माणसाला नगरात निर्धास्त वावरता यावे ही जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला तीन उत्तरे दिली जातात. पहिले सेवेचे: ती मुलासुनांची जबाबदारी. दुसरे दानाचे: ती सुस्थित लोकांच्या आणि सरकारच्या औदार्यावर सोपवावी. तिसरे न्यायाचे: रस्ता, इमारत आणि वाहन ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर ते ऋण आहे आणि वृद्धाचा तो हक्क आहे. तिन्ही उत्तरांत कोणत्या ना कोणत्या वृद्धाला आधार मिळतोच. तो कोणाला मिळतो, हे मात्र बदलते. सेवेवर विसंबले तर मुले जवळ असलेल्यालाच तो मिळतो, दानावर विसंबले तर दात्याच्या नजरेस पडलेल्याला. न्यायाच्या उत्तरात समोरचा वृद्ध कोण, हे विचारण्याचे कारण राहत नाही.

या प्रश्नाचा विचार करायला रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातले बुरोंडी हे किनाऱ्यावरचे गाव दोन कारणांनी योग्य आहे. इथल्या कितीतरी कुटुंबांचे कमावते वय मुंबईत जाते आणि म्हातारपण गावात, त्यामुळे नगराचे वृद्धांशी असलेले नाते इथे दोन टोकांनी दिसते. शिवाय वृद्धाला मान कसा द्यावा यावर वेगवेगळे बोललेल्या धर्मपरंपरांच्या खुणा या गावाच्या आसपासच आहेत.

ज्येष्ठस्नेही नगर आणि त्याची विषम वाटणी

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ज्येष्ठस्नेही शहरांसाठी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ती ३३ शहरांतल्या वृद्धांशी व त्यांची काळजी घेणाऱ्यांशी बोलून तयार झाली होती. भारतातून दिल्ली आणि उदयपूर ही शहरे तिच्यात होती. मार्गदर्शिकेने नगरजीवनाची आठ अंगे मांडली: मोकळ्या जागा व इमारती, वाहतूक, घरे, सामाजिक सहभाग, आदर व सामावून घेणे, नागरी सहभाग व रोजगार, माहिती व संवाद, आणि आरोग्यसेवेसह लोकांचा आधार. व्यवहारात याचा अर्थ अगदी साधा आहे: सलग व सपाट पदपथ, म्हातारी पावले पलीकडे पोचेपर्यंत हिरवा राहणारा सिग्नल, ठरावीक अंतरावर बाके, उघडी व स्वच्छ स्वच्छतागृहे, लिफ्ट, कमी उंचीच्या पायरीची बस, आणि मोठ्या अक्षरांतले फलक.

एखाद्या शहरात या सोयी आहेत की नाहीत, एवढ्या प्रश्नाने भागत नाही. त्या शहरातल्या कोणत्या वृद्धाच्या वाट्याला येतात, हा पुढचा आणि अवघड प्रश्न. मुंबई हे याचे ठळक उदाहरण. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (बीडीडी) वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, दर चाळीत ८० खोल्या, दर खोली सुमारे १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक आणि लिफ्ट नाही. गिरणीत खपणाऱ्या तरुण कामगाराला या जिन्याचे काही वाटत नसे. तोच कामगार सत्तरीला पोचला आणि त्याचे गुडघे गेले की खालचा रस्ता, बाजार, देऊळ आणि कट्टा त्याच्यापुरते संपतात. घाटकोपर-विक्रोळीच्या टेकड्यांवर चढत गेलेल्या वस्त्यांत तर जिना घराबाहेरच सुरू होतो. उपनगरातल्या नव्या गृहसंकुलात याच वयाच्या माणसाला लिफ्ट, बाक, चालायचा रस्ता आणि रखवालदार असे सगळे कुंपणाच्या आत मिळते. दोघेही मुंबईतले ज्येष्ठ नागरिक, एकाच महापालिकेचे रहिवासी. ज्येष्ठांसाठी शहरभर झालेल्या नाना-नानी पार्कांचा लाभही घरातून खाली उतरून तिथवर चालू शकणाऱ्यालाच होतो. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे आणि लिफ्ट मिळत आहेत. पण ज्यांची उतारवयाची वर्षे त्या जिन्यावरच सरली त्यांच्यापर्यंत ही सोय पोचली नाही.

विषमतेचा दुसरा प्रकार सोयीच्या स्वरूपातून येतो. काही सोयी बांधकामात मुरलेल्या असतात, तर काही सवलत म्हणून दिलेल्या असतात, आणि सवलत काढून घेता येते. रेल्वेभाड्यात ६० वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरील स्त्रियांना ५० टक्के सूट होती. मार्च २०२० मध्ये साथीच्या काळात ती थांबवली गेली आणि साथ ओसरल्यावरही पूर्ववत झाली नाही. राज्य परिवहनाने मात्र २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील सर्वांना एसटीचा प्रवास मोफत केला. ६५ ते ७४ वयाला निम्मे भाडे लागते. या योजनेचा बुरोंडीसारख्या गावाला खरा आधार झाला. दवाखाना, बँक आणि तहसील कचेरी अशा कामांसाठी इथल्या माणसाला दापोली गाठावीच लागते. तरीही फुकट तिकीट हाती येते ते बसमध्ये चढल्यावर. कोकणातल्या वाड्या डोंगरउतारावर वसलेल्या असतात आणि घरापासून सडकेपर्यंत चिऱ्याच्या पायऱ्यांची पाखाडी असते. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरते. पाखाडी उतरणे आणि एसटीची उंच पायरी चढणे ज्याला जमत नाही, त्याच्यापुरती ती सवलत कागदावरच राहते. ज्याचा मुलगा मुंबईहून पैसे धाडतो तो घराजवळ रिक्षा बोलावतो. इतरांना दवाखान्यात जाणे लांबणीवर टाकावे लागते.

वाट देण्याचा जुना नियम

वृद्धासाठी रस्ता सोडावा, हा भारतीय धर्मग्रंथांतला फार जुना नियम आहे. गौतम आणि आपस्तंब यांच्या धर्मसूत्रांत वाटेचा मान कोणाला, याचे विवेचन आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात त्याची यादीच दिली आहे: गाडीवाला, नव्वदी ओलांडलेला, आजारी, ओझे वाहणारा, स्त्री, विद्या पुरी करून परतलेला स्नातक, राजा आणि नवरदेव यांना वाट द्यावी. या नियमांचा सविस्तर परामर्श घेणारे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे रत्नागिरी जिल्ह्यातलेच. त्यांचा जन्म १८८० मध्ये चिपळूणजवळच्या परशुराम या गावचा आणि शालेय शिक्षण दापोलीतले. १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाला या क्षेत्रात आधारग्रंथाचे स्थान आहे, आणि १९६३ मध्ये ते भारतरत्न झाले.

या यादीत लक्ष देण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की वाट देण्याचे कर्तव्य नात्यावर अवलंबून नाही. समोरचा म्हातारा आपला आजा असो वा परका, त्याला वाट द्यायची. म्हणजे कुटुंबाबाहेर, रस्त्यावर, अनोळखी माणसांमध्येही वृद्धाविषयीचे कर्तव्य असते, ही जाणीव जुनी आहे. दुसरी अशी की वृद्ध, आजारी, स्त्री आणि ओझेवाला यांना एका रांगेत बसवताना गरजेचा विचार झालेला दिसतो. ज्याला बाजूला होणे जड जाते त्याच्यासाठी इतरांनी बाजूला व्हायचे. राजा, स्नातक आणि नवरदेव मात्र त्या रांगेत प्रतिष्ठेमुळे किंवा प्रसंगाच्या मानामुळे आले आहेत. एकाच नियमात गरज आणि मान यांची अशी सरमिसळ आहे, आणि राजा व स्नातक समोर आले की मानच वरचढ ठरतो.

लगेच आधीच्या श्लोकांत ही सरमिसळ स्पष्टच होते. तिथे संपत्ती, नातेसंबंध, वय, कर्म आणि विद्या ही मानाची पाच कारणे चढत्या क्रमाने सांगितली आहेत. वरच्या तीन वर्णांत या गोष्टी ज्याच्याजवळ अधिक, त्याला अधिक मान. शूद्रालाही मान आहे, पण तो नव्वदी ओलांडल्यावर. वयाचा मान सर्वांना आहे असे म्हणत असतानाच तो गाठण्याची अट माणसामाणसाला वेगळी ठेवली आहे. शिवाय ज्याच्या वाट्याला आयुष्यभर अंगमेहनत, अपुरे अन्न आणि वैद्यापासूनचे अंतर आले, त्यालाच सर्वांत लांबचे वय गाठायला सांगितले आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जातिव्यवस्थेचे जे श्रेणीबद्ध असमानता म्हणून विश्लेषण केले, त्याचे हे एक लहान पण नेमके उदाहरण आहे. कोणालाही पूर्णपणे वगळलेले नाही. प्रत्येकाला पायरी दिली आहे आणि प्रत्येकाची पायरी वेगळी आहे. आजच्या नगरातही वृद्धांना कोणी उघडपणे वगळत नाही. लिफ्ट, बाक आणि सपाट रस्ता सर्वांसाठीच आहेत असे म्हटले जाते. फक्त ते आधी संकुलात येतात, मग मध्यमवर्गीय वस्तीत, मग चाळीत आणि सर्वांत शेवटी टेकडीवरच्या झोपडीत. शेवटच्या माणसाला आपली पाळी यायला खूप दीर्घायुषी असावे लागते.

जुन्या परंपरेत याच्या उलट जाणारा विचारही आहे, हेही नोंदवले पाहिजे. प्रायश्चित्ताच्या नियमांत ८० वर्षांवरील वृद्ध, १६ वर्षांखालील मूल, स्त्री आणि रोगी यांना निम्मेच प्रायश्चित्त सांगितले आहे. मुख्य विधी ज्याला झेपत नाही त्याच्यासाठी धर्मशास्त्रात अनुकल्प म्हणजे पर्यायी विधी असतो. शरीर नियमाला जुळत नसेल तर नियमाने शरीराला जुळवून घ्यावे, हे तत्त्व त्यात मान्य झाले आहे. उताराची वाट, कठडा आणि कमी उंचीची पायरी यांच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

ज्येष्ठतेची दुसरी मोजणी

दापोली तालुक्यातच पन्हाळेकाजी इथे २९ लेण्यांचा समूह आहे. बौद्ध आणि नंतर नाथ संप्रदायाच्या खुणा तिथे आहेत. बौद्ध संघाने ज्येष्ठतेचा प्रश्न कसा सोडवला, हे विनयपिटकाच्या चुल्लवग्गातल्या एका कथेत येते. संघ मुक्कामाला पोचतो तेव्हा काही भिक्खूंनी पुढे जाऊन सगळ्या जागा अडवलेल्या असतात आणि सारिपुत्त या ज्येष्ठ शिष्याला रात्र झाडाखाली काढावी लागते. सकाळी बुद्ध विचारतात, उत्तम आसन, उत्तम पाणी आणि उत्तम भिक्षा कोणाला मिळावी? कोणी म्हणते क्षत्रिय कुळातून आलेल्याला, कोणी ब्राह्मण कुळातून आलेल्याला, कोणी धर्म अधिक जाणणाऱ्याला. तेव्हा बुद्ध तित्तिर, माकड आणि हत्ती यांची गोष्ट सांगतात. एका वडाच्या झाडाच्या आठवणीवरून ते तिघे आपल्यात वडील कोण हे ठरवतात आणि त्याला मान देतात. त्यानंतर संघात मान ज्येष्ठतेनुसार, असा नियम होतो.

ही ज्येष्ठता दीक्षेपासून मोजली जाई. कूळ त्यात येत नसे. मनुस्मृतीच्या मोजणीपासून ही मोजणी इथे वेगळी होते. याच प्रसंगी आणखी एक नियम घातला गेला, आणि नगराच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे: जे संघाच्या मालकीचे आहे ते ज्येष्ठतेच्या नावाखालीही कोणी अडवून ठेवू नये. मान ज्येष्ठतेप्रमाणे द्यावा, पण सामाईक वस्तूवर कोणाचाही खास ताबा नसावा. या दोन नियमांच्या जोडीतून समन्यायी सोयीचे सूत्र मिळते. ज्येष्ठांसाठी राखीव बाक योग्य आहे. सार्वजनिक बागेला कुंपण घालून ती एका संकुलातल्या ज्येष्ठांपुरती ठेवणे योग्य नाही.

बुरोंडीच्या दक्षिणेला दाभोळ हे जुने बंदर आहे आणि तिथली शाही मशीद प्रसिद्ध आहे. कोकणी मुसलमानांच्या वस्तीमुळे या किनाऱ्यावर इस्लामी परंपराही रुजलेली आहे. त्या परंपरेतला एक हदीस या विषयाला फार जवळचा आहे. नमाज पढवणाऱ्याने ती लांबवू नये, कारण मागे उभ्या असलेल्यांत अशक्त, आजारी आणि वृद्ध असतात. एकट्याने पढताना हवी तितकी लांबवावी, असा त्याचा आशय. खाजगी साधना ज्याने त्याने आपल्या ताकदीप्रमाणे करावी, पण सामूहिक कृतीचा वेग तिथल्या सर्वांत अशक्त माणसाला झेपेल असा असावा. रस्त्यावरच्या सिग्नलची वेळ ठरवणाऱ्या अभियंत्याला याहून चांगला नियम सांगता येणार नाही. या नियमात वृद्धाला मागणी करावी लागत नाही. तो मागे उभा असणारच, असे धरून पुढच्याने आपले वागणे आधीच बदलायचे असते.

पुंडलिक, श्रावण आणि शासन

महाराष्ट्राच्या भावजीवनात मात्र वृद्धाविषयीच्या कर्तव्याची प्रतिमा मुलाच्या सेवेची आहे. आईवडिलांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने दारी आलेल्या देवाला विटेवर थांबवले, या कथेवर पंढरपूरचे दैवत उभे आहे. आंधळ्या आईबापांना कावडीतून तीर्थयात्रेला नेणारा श्रावण तर पाठ्यपुस्तकांतून घराघरात पोचलेला आहे. सेवेला सर्वांत वर ठेवणाऱ्या या कथा नैतिक उंचीच्या आहेत. पण त्यांच्यात वृद्धाचे सगळे भाग्य एका मुलाच्या खांद्यावर आहे. श्रावण पाणी आणायला गेला आणि दशरथाच्या बाणाने मारला गेला, तेव्हा त्या दोघांना दुसरा आधार उरला नाही. कथेचा शेवट त्यांच्या मृत्यूत होतो.

महाराष्ट्र शासनाने ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांसाठीच्या निवृत्तिवेतनाला श्रावणबाळ हेच नाव दिले. २०२३ पासून त्यात दरमहा १,५०० रुपये मिळतात. ज्याच्याजवळ श्रावण नाही त्याच्यासाठी राज्याने श्रावणाची जागा घ्यावी, असा या नावाचा अर्थ होतो. मात्र २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाच्या कायद्याने मुख्य भार मुलांवरच ठेवला आहे: त्यांनी दरमहा कमाल १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह खर्च द्यावा, असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते. दर जिल्ह्यात निदान दीडशे निराधारांसाठी वृद्धाश्रम काढण्याची गोष्ट त्याच कायद्यात आहे, पण ती राज्याच्या मर्जीवर सोडली आहे. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदानेही वार्धक्यातील साहाय्याचे तत्त्व सांगताना राज्याच्या आर्थिक क्षमतेची मर्यादा घातली आहे.

सेवा आणि न्याय यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचे कारण नाही. आजारी आईजवळ रात्र जागवणे कोणत्याही खात्याला जमणार नाही. पण मुलगा कितीही गुणी असला तरी त्याला पदपथ बांधता येत नाही, बसची पायरी खाली आणता येत नाही, चाळीला लिफ्ट लावता येत नाही. या गोष्टी सामूहिक निर्णयानेच होतात. त्या मुलाच्या कर्तव्यात ढकलल्या की मुलाला न झेपणारे ओझे मिळते आणि महापालिकेची सुटका होते.

कागदावरची खुली वाट

सार्वजनिक सोय नावापुरती खुली आणि प्रत्यक्षात बंद असणे, हा कोकणाला नवा अनुभव नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सरकारी खर्चातून झालेली किंवा सरकार व स्थानिक संस्था चालवत असलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने ही ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी तळ्यावर कोणी जाऊ शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी ते पाणी प्यायले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याच्या हक्कावरचा खटला पुढे दहा वर्षे चालला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे दापोलीला लागून असलेल्या मंडणगड तालुक्यातले.

अस्पृश्यतेचे दुःख आणि जिन्याची अडचण या एका मापाच्या गोष्टी नाहीत. पहिलीत अपमान हेतुपूर्वक होता, दुसरीत बहुधा दुर्लक्ष असते. तरी महाडने सार्वजनिक सोयींविषयी मांडलेले तत्त्व दोन्हींना लागू पडते: सोय खुली आहे की नाही हे ठरावावरून ठरत नाही, ज्याला ती नाकारली जाते तो तिथवर पोचू शकतो की नाही यावरून ठरते. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी खटल्यात हेच कायद्याच्या भाषेत सांगितले. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याखालच्या नियमांत सुगम्यतेचे निकष सक्तीचे न ठेवता मार्गदर्शक ठेवले होते. ते कायद्याशी विसंगत ठरवून सक्तीचे निकष करण्याचा आदेश न्यायालयाने दिला. मे २०२५ मध्ये याच न्यायालयाने पादचाऱ्यांना वापरता येतील असे पदपथ मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. वार्धक्य हे अपंगत्व नव्हे, पण चालण्या-चढण्याच्या अडचणी दोन्हींत सारख्या असल्याने या निर्णयांचा लाभ वृद्धांनाही होतो.

एका आयुष्याचा हिशेब

वृद्धांसाठी वेगळा खर्च करणे तरुणांवर अन्याय करणारे आहे का, या प्रश्नाला अमेरिकी तत्त्वचिंतक नॉर्मन डॅनियल्स यांनी १९८८ च्या ‘अ‍ॅम आय माय पेरेंट्स कीपर?’ या पुस्तकात एक प्रसिद्ध उत्तर दिले. वंश किंवा लिंग माणसाला सहसा आयुष्यभर चिकटलेले असते. वय मात्र प्रत्येकाचे बदलते. म्हणून तरुण आणि वृद्ध यांच्यातली वाटणी ही दोन गटांतली वाटणी नसून एकाच आयुष्याच्या दोन टप्प्यांतली वाटणी मानावी. शहाणा माणूस आपल्या आयुष्याचे नियोजन करताना तारुण्यात थोडे कमी घेऊन म्हातारपणासाठी राखील. समाजाने तेच करावे.

हा युक्तिवाद सुबक आहे, पण कोकणातल्या चाकरमान्याच्या आयुष्यापुढे तो अपुरा पडतो. आयुष्याचे दोन टप्पे एकाच ठिकाणी जातात, असे त्यात गृहीत आहे. रत्नागिरीतल्या पुरुषांच्या कितीतरी पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि कचेऱ्यांत राबल्या. ग्रामस्थ मंडळांच्या खोल्यांत दाटीवाटीने राहून ते पैसे गावी धाडत आणि गणपतीला, शिमग्याला घरी येत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या मोडल्या आणि कित्येकांना अकालीच गावाकडे परतावे लागले. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ पर्यंत घटली. २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे तिथे १,१२२ स्त्रिया होत्या. तरुण बाहेर आणि म्हातारी माणसे, त्यातही बायका, गावात, असे या आकड्यांमागचे चित्र आहे.

म्हणजे तारुण्याचे श्रम एका नगराच्या खात्यात जमा झाले आणि म्हातारपणाचा खर्च दुसऱ्याच ग्रामपंचायतीच्या नावे पडला. मुंबईच्या ज्येष्ठस्नेही आराखड्यात बुरोंडीला परतलेला माणूस बसत नाही, कारण तो आता तिथला रहिवासी नाही. बुरोंडीच्या ग्रामपंचायतीजवळ त्याच्यासाठी महापालिकेसारखा पैसा नाही. नवऱ्याच्या माघारी गावात शेती, गुरे आणि सासूसासरे सांभाळणारी स्त्री तर कोणत्याच नगराच्या हिशेबात कधी नव्हती, जरी तिच्या कष्टांवाचून मुंबईला तो कामगार इतक्या स्वस्तात मिळाला नसता.

बुरोंडीत पृथ्वीगोलावर उभ्या असलेल्या परशुरामाचा भव्य पुतळा आहे आणि ते स्थान परशुरामभूमी म्हणून ओळखले जाते. महाभारताच्या शांतिपर्वातल्या कथेत परशुराम जिंकलेली सगळी पृथ्वी कश्यपाला दान करतो. दान घेतल्यावर कश्यप त्याला सांगतो की आता या भूमीवर तू राहू नयेस; मग समुद्र त्याच्यासाठी शूर्पारकाची भूमी मोकळी करतो. कोकणच्या निर्मितीची लोककथा याच धाग्याची आहे. देणाऱ्याने सर्व दिल्यावर त्यालाच राहायला जागा नसावी, यातला नैतिक पेच कथाकाराने ओळखला होता, आणि मुंबईला तारुण्य देऊन परतलेल्या चाकरमान्याचा पेचही तोच आहे. डॅनियल्स यांचा युक्तिवाद टिकवायचा तर आयुष्याचा हिशेब नगराच्या हद्दीत मांडून चालणार नाही. राज्याच्या पातळीवर, श्रम घेणारे नगर आणि म्हातारपण सांभाळणारे गाव यांना जोडून तो मांडावा लागेल. मोफत एसटी प्रवास ही अशी एक राज्यपातळीवरची सोय आहे आणि तिचे महत्त्व त्यातच आहे.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप पैशाचा: जिथे शाळांना छप्पर नाही तिथे बाके आणि कठडे कशाला? याचे उत्तर मनुस्मृतीच्या यादीतल्या गरजेच्या भागातच आहे. वृद्धासोबत आजारी, ओझेवाला आणि स्त्री यांचीही गरज तिथे एकत्र मोजली आहे. सपाट पदपथ गरोदर बाईला, डोक्यावर पाटी घेतलेल्या मासळीवालीला आणि शाळकरी मुलालाही लागतो. वृद्धाला झेपेल अशी वाट सर्वांना झेपते. तरुणाला झेपणारी वाट सर्वांना झेपतेच असे नाही.

दुसरा आक्षेप वैराग्याचा: उतारवयात माणसाने प्रपंचातून निवृत्त व्हावे, त्याला नगरातल्या वावराची एवढी गरज काय? केस पिकल्यावर आणि नातू पाहिल्यावर अरण्याची वाट धरावी, असे आश्रमधर्म सांगतो. पण वानप्रस्थ हा स्वतः घेतलेला निर्णय आहे. लिफ्ट नाही म्हणून तिसऱ्या मजल्यावर अडकून पडणे हा संन्यासाचा कोणताही प्रकार होत नाही. ज्याला बाहेर जाता येते त्यानेच घरी बसणे निवडले, तर त्या निवडीला आध्यात्मिक मोल असते.

तिसरा आक्षेप तपाचा: देवाच्या दारी कष्टाने जावे, पायऱ्या चढण्यातच पुण्य आहे. वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८ मध्ये फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली, तेव्हापासून शेकडो पायऱ्या न चढताही दर्शन घेता येते. अनुकल्पाचे तत्त्व मानणाऱ्या परंपरेला यात अडचण वाटू नये. खरा प्रश्न तिकिटाचा आहे. जिथे पायऱ्यांना पैसे लागत नाहीत आणि ट्रॉलीला लागतात, तिथे ज्याचे शरीर थकले आहे त्यालाच दर्शनासाठी पैसे मोजावे लागतात. वृद्धासाठी ती ट्रॉली चैन नसते, त्याची ती पायरीच असते.

न्यायाच्या कसोट्या

या विवेचनातून ज्येष्ठस्नेही सोयीच्या न्याय्यतेच्या चार कसोट्या निघतात. पहिली, सोय मागावी लागू नये. वृद्ध तिथे असणारच असे धरून रस्ता, इमारत आणि बस आधीच तशी घडवलेली असावी. दुसरी, ती वृद्धाच्या पैशावर, जातीवर, मुलांवर किंवा वस्तीवर अवलंबून नसावी. असेल तर तिचा क्रम उलटा करून ती सर्वांत अडचणीच्या जागी आधी पोचावी, म्हणजे संकुलाच्या बागेआधी टेकडीवरच्या पायऱ्यांना कठडा आणि पाखाडीला खरखरीत फरशी. तिसरी, जे सामाईक आहे ते कोणत्याही एका गटाने, ज्येष्ठांच्या नावानेही, अडवू नये. चौथी, हिशेब संपूर्ण आयुष्याचा आणि श्रम दिलेल्या सर्व ठिकाणांचा असावा, जेणेकरून मुंबईत राबून बुरोंडीला परतलेल्या माणसाला दोन्हीकडून नकार मिळू नये.

वृद्धाला वाट देण्याचा धर्म पूर्वी समोरून चालत येणाऱ्या माणसाचा होता, कारण अरुंद रस्त्यात बाजूला होणे त्याच्याच हाती होते. आज रस्त्याची रुंदी, पदपथाची उंची आणि सिग्नलची वेळ नगरपालिका, परिवहन महामंडळ आणि बांधकाम खाते ठरवतात. कर्तव्य नेहमी ज्याच्या हाती ते पार पाडण्याची शक्ती असते त्याच्याकडे जाते. त्यामुळे वाट देण्याचे कर्तव्य आता या संस्थांकडे आले आहे, आणि ते पार पाडताना समोरच्या वृद्धाचे कूळ, पत्ता किंवा उत्पन्न विचारण्याची मुभा त्यांना नाही.